एकाच शेतातली वांगी

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, इंग्रजीच्या तासाला, मॅडमनी फळ्यावर दोन शहरांची नावं लिहिली. एकीकडे अमरावती, दुसरीकडे अकोला. मधे उभी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "या दोघांवर कम्पेअर अँड कॉन्ट्रास्ट निबंध लिहून आणा. सारखं काय आहे, वेगळं काय आहे. एक पान पुरे."

मला बरं वाटलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही, त्यामुळे फळ्यावर येणारं बरंचसं मला परकं वाटायचं. ही दोन नावं मात्र माझी होती. आमचं गाव मूर्तिजापूरच्या बाजूला, म्हणजे दोन्ही शहरांच्या मधे. दवाखान्याला आम्ही अकोल्याला जातो आणि शिकायला मी अमरावतीला आले. आईचं माहेर अकोल्याकडचं. काकूचं परतवाड्याकडचं, म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं. यावर लिहायला मला कोणाला विचारावं लागणार नव्हतं.

होस्टेलच्या पलंगावर बसून मी एक पान भरलं. इंग्रजीत होतं, पण त्याचा मराठीत अर्थ असा: अमरावती हे चांगलं शहर आहे. अकोला हेही चांगलं शहर आहे. दोन्ही शहरांत बसस्टँड आहे. दोन्ही शहरांत कापसाचा बाजार आहे. दोन्ही शहरांत ऊन असतं. दोन्ही शहरांतली माणसं प्रेमळ आहेत. शेवटी मी लिहिलं होतं की मला दोन्ही शहरं आवडतात. स्पेलिंग मी तीन-तीनदा तपासली होती आणि त्यात चूक नव्हती.

पान परत आलं तेव्हा त्यावर गोवर उठल्यासारखं झालं होतं. जिथे जिथे 'बोथ' होतं तिथे तिथे लाल गोल. आणि खाली एकच ओळ, तीही मराठीत: मग शहरं दोन कशाला घेतली?

मॅडमनी वर्गात नाव न घेता त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं. "दोन्ही शहरांत ऊन असतं," त्या म्हणाल्या. "आता सांगा, अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं खाल्लं आहे, तो असं लिहील का?" वर्ग हसला. मीही हसले, म्हणजे ते वाक्य कोणाचं आहे हे कळू नये.

तास संपल्यावर मी मॅडमच्या मागे स्टाफरूमपर्यंत गेले. दारात उभी राहिले. त्यांनी आत बोलावलं.

"तुला फरक दिसत नाही असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तू तो लिहीत नाहीस. का?"

मी टेबलावरच्या वह्यांकडे पाहत राहिले.

मॅडम एरवी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलतात. पण कोणी गप्प राहिलं की त्यांचा धीर सुटतो आणि त्यांचं गाव बाहेर येतं. "अवं पोरी, काहून घाबरून राहिली तू? सांग ना."

"वाईट वाटेल ना, मॅडम," मी म्हणाले.

"कोणाले? अकोल्याले?"

मला स्वतःलाच हसू आलं. पण उत्तर मात्र तेव्हा देता आलं नाही. मॅडमनी सांगितलं, "पुढच्या वेळी विषय तू निवड. दोन गोष्टी घे ज्या तू रोज पाहिल्या आहेत. मुद्दे ठरव. जो मुद्दा एकीला लावशील तोच दुसरीला लाव. आणि चांगलं-वाईट ठरवायची घाई करू नको. आधी नीट पाहा."

उत्तर मला त्या शनिवारी बडनेरा स्टेशनवरून घरी जाताना गाडीत सुचलं. 'दोन्ही चांगलं' हे वाक्य मी इंग्रजीच्या तासाला शिकले नव्हते. ते मी घरात शिकले होते, चांगली पोटभर जेवून.

मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. माणसं खूप होती म्हणून भाजी दोन गंजांत, म्हणजे मोठ्या पातेल्यांत, केली होती. एक गंज आईनं, म्हणजे घरातल्या मोठ्या सुनेनं, आणि एक काकूनं, म्हणजे धाकटीनं. पंगत बसली आणि आमची आत्या, जिचा स्वभाव मोकळा आहे आणि जिला त्यात काही लागेल असं वाटलंही नव्हतं, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "लहानीच्या गंजातलं वांगं खाल्लं, आता मोठीच्या गंजाकडे हातच जात नाही बाप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात दोन चुली पेटल्या.

भांडण झालं नाही. कोणी आवाज चढवला नाही. बाबा आणि काका एकाच शेतात जात होते, एकाच बैलजोडीनं वखरत होते, आणि संध्याकाळी येऊन वेगवेगळ्या चुलीपुढे बसत होते. मी दोन्हीकडे जेवायचे. आईकडे अर्धी भाकर खाऊन उठायचे आणि काकू अंगणातून हाक मारायची, "ये व, एवढंसं खाऊन पाय." मग तिच्याकडे अर्धी. दोघी ताटाकडे पाहत एकच प्रश्न विचारायच्या, "भाजी कशी झाली?" आणि दुसरीकडची कशी होती, हे न विचारता विचारायच्या. मी सांगायचे, "दोन्ही चांगल्या." हे वाक्य म्हटलं की कोणी पुढे काही बोलायचं नाही. मला ते फार कामाचं वाक्य वाटायचं.

त्याच काळात आठवडी बाजारातही दोन दुकानं झाली. शेजारच्या मोठ्या गावाला रविवारचा बाजार भरतो. तिथे पूर्वी दोघी वांगी विकायला एका पोत्यावर बसायच्या. आता काकूनं शेजारची जागा धरली. तीच वांगी, एकाच शेतातली, एकाच सकाळी तोडलेली, पण दोन पोत्यांवर.

पुढच्या पावसाळ्यात आईला टायफॉईड झाला. ती उठू शकत नव्हती, तिची चूल पेटेना. काकू काही न बोलता ताटं आणून ठेवू लागली, सगळ्यांची. आणि रविवारी ती एकटी बाजारात गेली. मी सोबत होते म्हणून मला ठाऊक आहे. तिनं दोन्ही जागांवर पोती टाकली, दोन्हीवर वांगी ठेवली, आणि दिवसभर इकडून तिकडे सरकत बसली. बाजारात एक रविवार जागा रिकामी दिसली की ती गेली समजायची. लसूण विकणारी बाई समोर बसते, ती म्हणाली, "कायले दोन ठिकानी मरते? एकावर बस ना." काकू म्हणाली, "ते जागा तिची हाय."

संध्याकाळी उरलेली वांगी डोक्यावर न्यायची तर डोकं एकच. तिनं दोन्हीकडची एका टोपल्यात टाकली.

आई बरी झाल्यावर चूल एकच राहिली. त्यावर कधी चर्चा झाली नाही. बाजारातल्या जागा मात्र दोन राहिल्या, कारण मिळालेली जागा कोणी सोडत नाही. आणि एक रीत पडली ती आजपर्यंत आहे. बाजार उठला की दोघी पायी घरी निघतात. वाटेत नाल्यावर पूल आहे. त्या पुलाच्या कठड्याशी थांबून दोघी आपापली टोपली उतरवतात आणि उरलेला माल एका टोपल्यात ओततात. ओतताना खाली पाहत नाहीत. एक नाल्याकडे पाहते, एक रस्त्याकडे. घरी भरलेलं टोपलं एकच येतं. कोणाचं किती उरलं, हे घरात कोणाला कळत नाही, आणि त्यांनाही एकमेकींचं कळत नाही.

गाडीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की मी अमरावती आणि अकोल्याचं तेच केलं होतं. पुलावर थांबून, दुसरीकडे पाहत, दोन्ही शहरं एका टोपल्यात ओतली होती.

मग मी विषय ठरवला. भीती वाटत होती, पण दुसरा विषय सुचतही नव्हता. मी दोन दुकानांवर लिहिणार होते.

त्या रविवारी मी बाजारात दोघींच्या मधे बसले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. एवढी वर्षं मी तिथे बसत आले होते, पण पाहायचं म्हणून पाहिलं नव्हतं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे एक मुद्दा घ्यायचा आणि दोन्हीकडे लावायचा. माल कसा मांडला? आई पोतं ओलं करून त्यावर वांगी एकेक करून ठेवते, सगळ्यांची देठं एका बाजूला. काकू डोंगर रचते, चकचकीत वांगी बाहेरून. गिऱ्हाईकाला कसं बोलावतात? काकूचा आवाज पार चपलांच्या दुकानांपर्यंत जातो. "या जी मामा, लोण्यासारखे वांगे, भाजी करा नाहीतं भरीत करा." आई गिऱ्हाईक वाकेपर्यंत तोंड उघडत नाही. पण जे तिच्याकडे वाकतात ते नेहमीचे असतात, आणि ती त्यांना विचारते, "मागच्या बाजाराले दिसल्या नाई तुमी. तब्येत बरी ना?" काकूकडे नवी माणसं थांबतात, आईकडे जुनी.

दुपारपर्यंत माझ्याजवळ तीन मुद्दे झाले होते आणि मला वाटलं एवढे पुरेत. मग वजनाकडे लक्ष गेलं.

काकू काटा बरोबर आला की एक वांगं वरून टाकते आणि ते सगळ्या रांगेला सांगते. "झुकतं देल्लं जी, याद ठेवजा." गिऱ्हाईक हसत जातं. आईकडे काटा बरोबर आला की ती वांगी पिशवीत ओतते. गिऱ्हाईक पैसे काढायला खिशाकडे पाहतं. आणि तेवढ्यात आई एक वांगं उचलून गुपचूप पिशवीत सोडते. गिऱ्हाईकाला ते घरी गेल्यावर सापडत असणार, किंवा कधीच कळत नसणार.

मला हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं. दोघी एकच गोष्ट करत होत्या. आणि त्या सारख्या आहेत हे मला कधी कळलं, तर त्या किती वेगळ्या आहेत हे एकेक करून पाहिल्यावर. आधीसारखीच 'दोन्ही चांगल्या' म्हणत राहिले असते तर ते एक वांगं मला दिसलंच नसतं.

निबंध लिहायला आठवडा गेला. इंग्रजी माझं तेवढंच होतं, छोटी वाक्यं, साधे शब्द. डोंगराला इंग्रजी शब्द येत होता, देठाला शोधावा लागला. एक काळजी मी माझी म्हणून घेतली. एका परिच्छेदात आई आधी आली तर पुढच्यात काकू आधी. शेवट पुलावर केला, टोपली ओततात तिथे.

मॅडमनी पान परत दिलं तेव्हा त्यावर लाल गोल दोनच होते, तेही क्रियापदांना. 'बोथ' शेवटच्या परिच्छेदात एकदाच आलं होतं आणि त्याखाली त्यांनी बारीक रेघ ओढून 'हे बरोबर' लिहिलं होतं. मी होस्टेलला जाईपर्यंत त्या पानाची घडी घातली नाही. हातात धरूनच चालले.

दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं. "हा निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात घ्यायचा आहे," त्या म्हणाल्या. "पण यात तुझ्या घरच्या बायका आहेत. आधी त्यांना वाचून दाखव. त्या नको म्हणाल्या तर नको."

माझा आनंद तिथल्या तिथे अर्धा झाला. अंकात माझं लिहिलेलं येणार, हे मी त्या दिवशी चालता चालता स्वतःला कितीदा सांगितलं. पण मला दोन चुलीही दिसत होत्या. आत्यानं तर एकच वाक्य म्हटलं होतं. मी पानभर लिहिलं होतं, आणि ते छापून येणार होतं.

घरी वाचून दाखवायचं धाडस झालं नाही. बाजारातच दाखवायचं ठरवलं. रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेला गिऱ्हाईक कमी असतं. दोघी आपापल्या पोत्यावर, मी मधे. भाकर खाऊन झाली होती. काकूनं माझ्याकडे पाहिलं.

"काय व, तोंड काहून उतरलं तुह्यं? उद्या पेपर हाय का?"

"नाई. एक वाचून दाखवायचं आहे. तुम्हा दोघींवर लिहिलं आहे मी. कॉलेजात."

"आमच्यावर?" काकू म्हणाली. "आमच्यावर काय लिवाचं? आमी काय मंत्री आहो?"

"कायचं लिवलं?" आईनं विचारलं.

"तुमच्या दुकानांचं. सारखं काय, वेगळं काय."

आईच्या हातात ओलं फडकं होतं, ती वांगी पुसत होती. ती पुसतच राहिली, पण एकच वांगं.

समोरून लसूणवाली म्हणाली, "वाच व पोरी. आमी बी ऐकतो."

"तू तुह्या लसनाकडे पाय," काकू म्हणाली. पण मला म्हणाली, "वाच."

मी इंग्रजीतलं वाक्य मनात वाचायचे आणि आमच्या भाषेत सांगायचे. पहिल्या परिच्छेदाला दोघींनी मान हलवली. एकच शेत, एकच तोडणी, एकच भाव. त्यात कोणाला काही लागण्यासारखं नव्हतं. दुसऱ्यात मांडणी आली. मी काकूच्या डोंगराचं सांगितलं, आईच्या देठांचं सांगितलं.

"डोंगर म्हनलं, पायलं का," काकू लसूणवालीला म्हणाली.

तिसऱ्याला माझा आवाज बारीक झाला. मी वाचलं की आई गिऱ्हाईक वाकेपर्यंत बोलत नाही, आणि काकूचा आवाज चपलांच्या दुकानांपर्यंत जातो.

"म्हंजे मी बोंबलते असं लिवलं तू," काकू म्हणाली.

"नाई, काकू. तसं नाई."

"अन् हे मुकी."

"तसं नाई लिहिलं."

कोणी हसलं नाही. लसूणवालीनं मान खाली घालून लसूण निवडायला घेतला. आई वांग्याकडे पाहत होती, काकू रस्त्याकडे. अगदी पुलावर पाहतात तसं. मला वाटलं आता संध्याकाळी घरी जाऊन अंगणात दुसरी चूल दिसणार, आणि या वेळी ती मी मांडलेली असणार.

तेवढ्यात एक माणूस काकूच्या डोंगरापुढे थांबला. "कसे देल्ले वांगे?"

काकू बोलली नाही. मी जन्मात पहिल्यांदा असं पाहिलं की गिऱ्हाईकानं भाव विचारला आणि काकू बोलली नाही. माणूस वाट पाहून पुढे निघाला.

"ओ भाऊ," आईनं हाक मारली. तिच्या मानानं ती मोठी हाक होती. "या इकडे. भाव एकच हाय. तिचेच घ्या, आज ताजे हायेत." माणूस परत आला. काकूनं त्याला मुकाट्यानं तोलून दिलं आणि वरून एक टाकलं. या वेळी सांगितलं मात्र नाही.

तो गेल्यावर आई मला म्हणाली, "पुढं वाच. थांबली काहून?"

मी चौथा परिच्छेद वाचला. काटा बरोबर आल्यावर काकू एक वांगं वरून देते आणि रांगेला सांगते. आई एक वांगं वरून देते आणि घेणाऱ्यालाही कळू देत नाही.

काकू वळली. माझ्याकडे नाही, आईकडे. "तू देते वरून?"

"देतो ना."

"कधीपासून?"

"पयलेपासूनच."

काकूनं हातातलं वांगं खाली ठेवलं. "मले वाटे तू काट्यावर काटा ठेवून देते. म्या तं मनात तुले चिंगूस म्हनलं एवढे दिवस."

"अन् मले वाटे," आई फडकं पिळत म्हणाली, "तू नुसतं तोंडानंच देते. झुकतं झुकतं म्हनते अन् काट्यावरचंच टाकते."

लसूणवालीनं कपाळावर हात मारला. "बाप्पा बाप्पा. मांडीले मांडी लावून बसता दोघी, अन् एकमेकीचा काटा नाई पायला?"

"तिच्या काट्याकडे कायले पाऊ मी?" काकू म्हणाली. आणि मग ती हसली. तिचं हसूही चपलांच्या दुकानांपर्यंत जातं. आई तिच्या पद्धतीनं हसली, म्हणजे पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.

मला वाटलं झालं, सुटले. पण आईनं पानाकडे बोट केलं. "यात चुकलं हाय तुह्यं. सगळ्याईले एक नाई देत मी. लेकुरवाळी असली तं दोन टाकतो."

मी पेन काढलं आणि समासात लिहून घेतलं.

"मंग माह्यं बी लिव," काकू म्हणाली. "म्हातारं मानूस असलं तं मी बाहेरचे चकचकीत नाई देत. आतून कवळे काढून देते. दात नसते त्याईले."

"लिहिते."

"अन् तो आवाज कुठपर्यंत जातो म्हनलं तू?"

"चपलांच्या दुकानांपर्यंत."

"बांगड्यावाल्यापर्यंत जातो. इचार कोनाले बी."

आई म्हणाली, "जातो, जातो. तिथल्या बांगड्या वाजते."

मग दोघी मला मुद्दे देऊ लागल्या. आईनं काकूचे सांगितले, काकूनं आईचे. आई सुटे पैसे कुठल्या बोटांत धरते, काकू पाऊस येणार असला की डोंगर कसा बसवते. मी या दोघींना एवढी वर्षं ओळखत होते आणि यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. वेगळं काय आहे हे मी सांगितलं म्हणून घर मोडेल, अशी मला भीती होती, आणि त्या तर अजून वेगळं काय आहे ते शोधत बसल्या होत्या. मला इतकं भरून आलं की मी खाली पाहून लिहीत राहिले.

"यात पयलं कोन हाय?" काकूनं शेवटी विचारलंच.

"आळीपाळीनं आहे. एकदा आई, एकदा तू."

"अन् शेवटाले?"

"शेवटी दोघी. पुलावर."

त्यावर आई गंभीर झाली. "पुलाचं लिवलं?"

"हो."

"ते नको लिवू. ते घरचं हाय."

काकूनं मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. गिऱ्हाईक यायला लागलं होतं. मी पान पिशवीत ठेवलं. शेवट काढून टाकावा लागणार होता. माझ्या मते निबंध त्या शेवटावरच उभा होता, पण आईनं नको म्हटलं तर नको, असं मी मनाशी ठरवलं. मॅडमनीही तेच सांगितलं होतं.

बाजार उठला. आम्ही तिघी चालत निघालो. पुलावर आलो तसं दोघींनी टोपली उतरवली. आई नेहमीसारखी नाल्याकडे वळली आणि टोपल्याला हात घातला.

"थांब," काकू म्हणाली. "पाहू दे."

आई थांबली. काकू वाकली आणि आईच्या टोपल्यात पाहिलं. तळाशी थोडीशी वांगी होती. मग तिनं आपलं टोपलं आईपुढे सरकवलं. आईनं पाहिलं. काकूचं टोपलं अर्ध्याच्या जवळ होतं.



"आवाज बी जास्त, वांगे बी जास्त," आई म्हणाली.

"डोंगरच मोठा होता ना माह्या," काकू म्हणाली. "तुह्यं दुकान तं एवढंसंक."

दोघींनी मिळून टोपलं उचललं आणि काकूची वांगी आईच्या टोपल्यात ओतली. या वेळी दोघी वांग्यांकडेच पाहत होत्या. एक वांगं बाहेर घरंगळलं, ते आईनं उचलून वर ठेवलं.

"लिव आता," ती मला म्हणाली. "हे असं लिव."

टोपलं मी माझ्या डोक्यावर घेतलं. गावात शिरताना पिठाच्या गिरणीवर काकूच्या ओळखीचा माणूस उभा होता. त्यानं विचारलं, "काय, आज पोरगी आली का शहरातून?"

"आली ना," काकू म्हणाली. तिचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. "तिच्या कॉलेजच्या पुस्तकात आमच्या दोघींचं येऊन राहिलं. इंग्रजीत."

"काय लिवलं म्हनता?"

"मी कशी अन् हे कशी, ते."

डोक्यावर टोपलं असल्यामुळे मला मान वळवता येत नव्हती. आईचा चेहरा दिसला नाही. पण मागून तिचा आवाज आला, त्या माणसाला ऐकू जाईल इतका मोठा.

"अन् एक वांगं वरून देतो आमी," आई म्हणाली. "दोघी बी."